नाकारलेल्या माणसाचा राग

१९९१ साल. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. मी तेव्हा २९ वर्षांचा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीत कारकून. दिवसा बिलं तपासायची, संध्याकाळी आणि रविवारी चळवळ.

त्या एप्रिलात आमच्या हेडक्लार्कनं घर बांधलं, वास्तुशांत ठेवली. सोमवारी दुपारी शिपाई पत्रिका वाटत फिरला. आमच्या हॉलमध्ये ११ टेबलं. मी मान खाली घालून आकडे जुळवत होतो, पण कान सगळा त्याच्या चपलांच्या आवाजाकडं. बाकीच्या दहा टेबलांवर पत्रिका पडली. माझ्या टेबलावर पडली नाही. शिपाई माझ्या बाजूनंच गेला, ओळखीचं हसला आणि चहा सांगायला बाहेर निघून गेला.

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. काय बोलणार? 'मला का नाही' असं विचारावं तर जेवणाला हपापलेला ठरतो. विचारू नये तर आतल्या आत शिजत राहतो. मी शिजत राहिलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारी रात्री सात मैलांवरच्या एका खेड्यात शताब्दीची सभा होती. मी प्रमुख वक्ता. विषय समता. (हसू नका.)

सभेची सगळी धावपळ एका १९ वर्षांच्या पोरानं केली होती. भोंगा त्यानंच आणला, सतरंज्या त्यानंच झाडल्या, घरोघर जाऊन बाया त्यानंच गोळा केल्या. मी रंगात येऊन बोलत होतो. अर्धा-पाऊण तास झाला असेल. हे पोर वाकून स्टेजजवळ आलं आणि माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. झालं. माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी चिठ्ठी न वाचता फाडली आणि माईकवरून बोललो. काय बोललो ते आज जसंच्या तसं लिहितो, कारण तेच लिहिलं नाही तर या लेखाला अर्थ नाही. मी म्हणालो, "कालचं पोर! बाप अजून पाटलाच्या गोठ्यात शेण काढतो आणि हा मला बोलायचं शिकवतो."

बाप तिसऱ्या रांगेत बसला होता.

पोरगं काही बोललं नाही. मागं गेलं, भोंग्याच्या वायरी गुंडाळायची वाट बघत उभं राहिलं, सभा संपल्यावर वायरी गुंडाळल्या आणि गेलं. त्या रात्रीनंतर ते कुठल्याही शाखेत दिसलं नाही.

मित्रांनो, मी हे पापाची कबुली म्हणून लिहीत नाही. कबुली देणारा माणूस सुटतो, मला सुटायचं नाही. मला एक प्रश्न सोडवायचा आहे. तो माझा एकट्याचा असता तर मी घरी बसून सोडवला असता. प्रश्न असा की, ज्याला जन्मापासून नाकारलं, त्याच्या रागाचा जाब कुणी कुणाला विचारायचा? सोमवारी माझ्या टेबलावर जे पडलं नाही, त्याची किंमत बुधवारी त्या पोरानं दिली. हा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा? हेडक्लार्कच्या, व्यवस्थेच्या, की माझ्या?

आधी ही गोष्ट काय आहे ते नीट बघू. आपल्या बोलीत तिला चांगला शब्द आहे: धसका. एकदा पुरात सापडलेला माणूस ओढ्याचं पाणी बघून थबकतो, तो धसका. आपल्याला नकाराचा धसका आहे. कुणाच्या घरात पाऊल टाकलं की आपली नजर आधी कुठं जाते? चहाचे कप कुठले आलेत तिकडं. बाकीच्यांच्या कपांसारखाच आपला कप आहे का, की कडेचा टवका उडालेला आहे. नवीन माणूस 'पूर्ण नाव काय?' म्हणाला की आपण अर्ध्या सेकंदात ठरवतो, हा सहज विचारतोय की चाचपतोय. भाड्याची खोली बघायला गेलो तर घरमालकीण 'कुठले तुम्ही?' म्हणायच्या आतच आपलं पोट आवळतं. साहेबानं फाईल हातात न घेता 'ठेवा तिथं' म्हटलं की दुपारचा डबा गोड लागत नाही. यातली एकही गोष्ट पोलिसात नोंदवण्यासारखी नाही. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात, १९८९ च्या त्या कायद्यात, पत्रिका न देण्याला कलम नाही. पण दिवसातून दहा वेळा हे होतं आणि दहा वेळा शरीर लढाईला उभं राहतं. छाती धडधडते, हात गार पडतात, रक्ताचा दाब चढतो. लढाई होतच नाही. मग तो चढलेला दाब घेऊन माणूस घरी येतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं मला बीपीची गोळी चालू केली आणि म्हणाला, "टेन्शन घेत जाऊ नका." मी म्हणालो, "मी कुठं घेतो डॉक्टर, लोक आणून देतात." तो हसला. गोळी अजून चालू आहे.

आता कुणी म्हणेल, आणि आपले सवर्ण मित्र हमखास म्हणतात, की तुम्ही फार हळवे आहात, सगळीकडं जात बघता. त्यांना पहिलं उत्तर आकड्यात देतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी एक पाहणी २००७ साली छापली. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण सारखं, अर्जाचा मजकूर तोलामोलाचा, फरक फक्त नावाचा. काही नावं सवर्ण हिंदू वाटणारी, काही दलित, काही मुसलमान. सवर्ण नावाला बोलावणं येण्याची जी शक्यता, तिच्या दोन-तृतीयांशच दलित नावाच्या वाट्याला आली. मुसलमान नावाच्या वाट्याला एक-तृतीयांश. मुलाखत नाही, तोंड बघणं नाही, नुसतं पाकिटातलं नाव. तेव्हा धसका हा भ्रम नाही. ते ज्ञान आहे. आपल्या आज्यानं, बापानं, मायनं अंगावर घेऊन आपल्याला दिलेलं ज्ञान.

पण इथंच एक गोष्ट मला फार उशिरा कळली. हे ज्ञान ४,८०८ अर्जांचं आहे. त्यातल्या एका पाकिटाचं नाही. सगळी पाकिटं मिळून घेतली तर जात स्वच्छ दिसते. एकच पाकीट हातात धरून 'याला उत्तर का आलं नाही' असं विचारलं तर अर्ज धाडणारालाही सांगता येत नाही. जागा भरली असेल, कारकुनाकडून पाकीट गहाळ झालं असेल, नाव बघून टाकून दिलं असेल. समाजाबद्दल आपण खात्रीनं बोलू शकतो. समोरच्या एका माणसाबद्दल, एका दुपारबद्दल, बहुतेक वेळा खात्री मिळत नाही. ही खात्री न मिळणं हाच आपला रोजचा छळ आहे. माझा आजा वेशीबाहेर उभा राहून जोहार घालायचा, त्याला शंका नव्हती. त्याचा नकार उघडा होता. माझा नकार चहात विरघळलेला आहे. चव लागते, पण साखर कमी की विष जास्त ते कळत नाही.

माझ्या हेडक्लार्कचंच घ्या. दोन वर्षं आधी माझ्या आईचं ऑपरेशन निघालं तेव्हा याच माणसानं कागद न करता ५०० रुपये काढून दिले होते. आणि याच माणसाची सासू एकदा कचेरीत आली तेव्हा त्यानं सगळ्यांची ओळख करून दिली, माझं टेबल गाळलं. दोन्ही खरं आहे. मग पत्रिका कुठल्या माणसानं गाळली? पाचशे रुपये देणाऱ्यानं की ओळख गाळणाऱ्यानं? की शिपायाच्या हातातल्या पत्रिका दहाच होत्या? तो हेडक्लार्क वारला. मला आजही माहीत नाही.

अमेरिकेत १९९१ सालीच एक प्रयोग छापून आला. जेनिफर क्रोकर आणि तिच्या सहकाऱ्यांचा. काळ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या खोलीतला एक गोरा विद्यार्थी तुमच्याबद्दल मत देणार असं सांगितलं. मध्ये काच, काचेला पडदा. काहींच्या वेळी पडदा उघडा, म्हणजे गोऱ्याला यांचा रंग दिसतोय. काहींच्या वेळी बंद. पडदा उघडा असताना वाईट मत आलं, तर काळ्या विद्यार्थ्यांना ते फारसं लागलं नाही. त्याचा पूर्वग्रह आहे, म्हणून सोडून देता आलं. इथवर ठीक. पण पडदा उघडा असताना चांगलं मत आलं तर? तर त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट खाली गेला. का? कारण मनात आलं असणार, रंग बघून गोड बोलतोय. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसलो. नकार पचवायची युक्ती आपण शिकलो, पण तिच्यापायी कौतुकही आपल्या घशाखाली उतरेना. 'तुमचं मराठी फार छान आहे हो' असं एका बाईनं मला म्हटलं तेव्हा मी तिला असा काही टोमणा मारला की ती पुन्हा बोलली नाही. तिला काय म्हणायचं होतं? देव जाणे. (देव आपण मानत नाही, म्हणजे कुणीच जाणत नाही.)

त्याच अमेरिकेत, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले तिथल्याच एक मानसशास्त्रज्ञ, जेराल्डिन डाउनी, यांनी १९९६ साली स्कॉट फेल्डमनबरोबर या धसक्याचं शास्त्रीय वर्णन मांडलं. आधी माणूस धास्तीनं नकाराची वाट बघतो. मग कुठल्याही अर्धवट खुणेत त्याला नकार दिसतो. आणि दिसला की तो प्रमाणाबाहेर उसळतो, किंवा उसळण्याऐवजी गोठून जातो. पुढं त्यांनी असंही दाखवलं की या उसळण्यानंच समोरचा माणूस खरंच दूर जाऊ लागतो. म्हणजे ज्याला भ्यायचो तेच हातानं घडवतो. हे वर्णन प्रेमातल्या जोडप्यांचं होतं. मी वाचताना मला आपली कार्यकारिणीची बैठक दिसत होती.

खरं सांगतो, दिसत होती. 'निमंत्रणपत्रिकेत माझं नाव खाली टाकलं.' 'मला हार घातला नाही.' 'मी बोलत असताना अमका उठून बाहेर गेला.' आमच्या काळात स्टेन्सिल कापून पत्रकं काढायचो तेव्हा कुणाचं नाव आधी यावं यावरून रात्रीच्या दोनपर्यंत भांडणं चालायची आणि शाई तशीच वाळून जायची. रिपब्लिकन पक्षाचे तुकडे किती झाले ते मोजायच्या भानगडीत पडत नाही. १९७२ साली जन्मलेली पँथर १९७४ मध्ये फुटली. फुटीला वैचारिक कारणं होती, सत्तेचं आमिष होतं, सरकारची फूस होती, हे सगळं मी मानतो. नेत्यांच्या मनात काय होतं ते मी सांगणार नाही. पण खाली, आमच्या तालुक्यात, आमच्या गल्लीत, मी डोळ्यांनी पाहिलेल्या सात-आठ फुटींत कुणाला मार्क्स की बुद्ध हा प्रश्न पडलेला नव्हता. कुणाला तरी कुणीतरी विचारलं नव्हतं, एवढंच. जगानं रोज नाकारलेला माणूस आपल्या माणसांत येतो तो सगळी भूक घेऊन येतो. बाहेर सात वेळा गिळतो, आत पहिल्याच खड्याला दात तुटतो. आणि बाहेर तो का गिळतो? कारण बाहेर उलटून बोलण्याची किंमत आहे. पाटलावर ओरडलं तर मळ्यातली वाट बंद होते. साहेबावर ओरडलं तर खातं बदलतं. आपल्या पोरावर ओरडलं तर काय होतं? पोर गप्प जातं. राग पाण्यासारखा असतो, जिथं उतार असेल तिकडं जातो.

उतार घरातही असतोच. त्या तीन दिवसांत घरी काय केलं ते सांगायचं राहिलं. सोमवारी भाजीला मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मंगळवारी पोराच्या पाठीत रट्टा घातला, कशासाठी ते आठवत नाही. बुधवारी सकाळी तांब्या आपटला तेव्हा बायको चुलीपुढनं उठली. ती तेव्हा शेजारच्या गावात अंगणवाडीत मदतनीस होती. म्हणाली, "अवो, काय झालंय ते तरी सांगा." सांगितलं. पत्रिकेचं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुमाला एक पत्रिका आली न्हाई तर तीन दिस झालं घरात भांडे आदळायलात. मह्या हातचं शिजलेलं रोज बारा लेकरं खात न्हाईत. त्येंच्या माया त्येंना डबे देऊन धाडत्यात. मी कोनाचे भांडे आदळू?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. अंगणवाडीतली ती बारा लेकरं मला त्या सकाळी पहिल्यांदा कळली. ती घरी येऊन बोलली नव्हती, कारण घरी माझाच दरबार भरलेला असायचा. तिचं डोकं दुखायचं. मी म्हणायचो, चष्मा लाव.

हे ऐकूनही त्याच रात्री मी सभेत ते वाक्य बोललो. म्हणजे बघा, नुसतं कळून भागत नाही.

आता काही जण आपल्याला एक सूत्त सांगतात. संयुत्त निकायातलं सल्लसुत्त. भगवान बुद्ध म्हणतात, अडाणी माणसाला दुःख झालं की त्याला दोन बाण लागतात. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. दुसरा, त्या वेदनेवर तो जो आक्रोश करतो, छाती बडवतो, तो मनाचा. शहाण्याला पहिलाच लागतो. सुत्त मोलाचं आहे. पण अलीकडं शिबिरांतून ते आपल्याला असं शिकवलं जातं की जणू पहिल्या बाणाबद्दल बोलायचंच नाही. डोळे मिटा, श्वास बघा, मनावर घेऊ नका. मी शिबिरं केली आहेत, श्वास बघितल्यानं मला झोप लागली, फायदा झाला. पण आजारपणाच्या बाणाला धनुर्धारी नसतो. आपल्या पहिल्या बाणाला आहे. त्याचं नाव-गाव-पत्ता आहे. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते श्वास बघायला नव्हते गेले. तो बाण जिथून आला तिथं ते हजारो लोक घेऊन गेले. आणि १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह केला, दार उघडेना, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं की या धर्मात मरणार नाही. नाकारणाऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं, यालाही मुदत असते हे त्यांनी दाखवलं. एवढा राग, पण पत्ता चुकला नाही.

माझं म्हणणं एवढंच की, आपल्या बाबतीत दोन बाण पुरत नाहीत. तिसरा एक आहे. पहिला आपल्याला मारतात, दुसरा आपण आपल्यालाच मारून घेतो, आणि तिसरा आपण शेजारी बसलेल्याला मारतो. पहिल्याचा जाब मी जन्मभर व्यवस्थेला विचारेन. दुसऱ्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही, ज्याला दुखतं तो कण्हणारच. तिसऱ्याचं काय?

इथं आपले तरुण कार्यकर्ते मला अडवतात. मागच्या महिन्यात एका मुलीनं अडवलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही जातीचा प्रश्न मानसशास्त्राचा करून टाकता. राग हेच आपलं इंधन आहे. तो गेला तर काय उरलं?" बरोबर आहे तिचं. मी रागाला हात लावत नाही. पण इंधन म्हणायचं तर ते टाकीत पाहिजे, स्वयंपाकघरात सांडलेलं नको. आणखी एक मुलगा म्हणाला, "मार खाणाऱ्यानंच नीट वागायचं, हा कुठला न्याय?" हा प्रश्न जास्त अवघड आहे. मला त्याचं पूर्ण उत्तर देता आलं नाही. खरंच न्याय नाही. आपल्यावर आधीच एवढं ओझं, वर हे संयमाचं ओझं आपणच उचलायचं, आणि ज्यानं पत्रिका गाळली तो मजेत वास्तुशांतीची पुरणपोळी खाणार. पण मी त्याला एवढंच म्हणालो की, हा प्रश्न हेडक्लार्कच्या बाजूनं विचारू नकोस, तिसऱ्या रांगेत बसलेल्या त्या बापाच्या बाजूनं विचार. त्याला कुणी मारलं? जातीनं आयुष्यभर मारलं हे खरंच. पण त्या रात्री, त्या माईकवरून, ते शेणाचं वाक्य कुणाचं होतं? वाक्य गावाचं होतं. तोंड माझं होतं. गावानं ते माझ्या तोंडात घातलं असेल, पण बाहेर काढलं मी. तेवढ्या एका गोष्टीची मला खात्री आहे. पत्रिकेचं कारण मला कधीच कळणार नाही. माझं वाक्य मला पाठ आहे.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं असेल तुम्ही. त्यातला चाळीसगावचा प्रसंग मी अनेक वेळा वाचला, पण त्या सभेनंतर तो मला वेगळाच दिसायला लागला. १९२९ साल. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामानं खानदेशात. चाळीसगावचे महार त्यांना स्टेशनवरून वाड्यात न्यायला आलेले. एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार नाही. वाडा चालत जाण्यासारखा होता. पण आपल्या साहेबाला पायी न्यायचं? यांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी नकार झाकला, बाबासाहेबांना काही सांगितलं नाही, टांगा भाड्यानं घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच एकाला वर बसवलं. नदीच्या मोरीवर चाक दगडाला अडलं, घोडा टांग्यासकट खाली गेला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. पाय मोडला. कारण त्यांना नंतर कळलं. त्यांनी लिहिलं आहे त्याचा आशय असा की, माझा मान राखण्याच्या नादात मान मोठा की जीव मोठा हे ही माणसं विसरली.

त्या माणसांवर मला राग येत नाही. माया येते. मी त्या जागी असतो तर तेच केलं असतं, आणि टांगाही मीच हाकला असता. नकार मिळाला की तो झाकायचा, 'आपलं काही अडलं नाही' असं दाखवायचं, आणि त्या झाकण्यात आपल्याच सर्वांत मोठ्या माणसाला मोरीवरून खाली पाडायचं. त्यांच्यातल्या एकानं एवढंच म्हटलं असतं, 'साहेब, टांगेवाले न्यायला तयार नाहीत,' तर? बाबासाहेब काय म्हणाले असते? चला पायी, असंच ना.

त्याच पुस्तकात बडोद्याचा प्रसंग आहे. पारशी सराईतून काठ्या घेऊन हाकलल्यावर बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, मला ठेवून घ्याल का? एक हिंदू, तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारतो. दुसऱ्याचं उत्तर हेही गोड नकारच होतं, हे पुढं कळलं. मला यात नवल वाटतं ते असं की, हाकलून दिल्यानंतर त्याच दिवशी हा माणूस विचारायला गेला. धसका तर त्याला आपल्यापेक्षा जास्त असणार. विचारल्याशिवाय नकार धरून चालला नाही. मिळाला, तो घेतला, बागेत बसून राहिला, आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेला.

आमच्या विहारात आम्ही पाच-सहा म्हातारे आता एक करतो. त्याला नियम म्हणायचं नाही. कुणाला काही लागलं की तिथल्या तिथं, आठवडा न घालवता, त्याच माणसाला विचारायचं. 'माझं नाव खाली का?' एवढंच. तीन वेळांत दोनदा उत्तर अगदी फालतू निघतं: टाईप करणारा पोरगा घाईत होता. एकदा खरं निघतं, आणि मग भांडण होतं, पण ज्याच्याशी व्हायला पाहिजे त्याच्याशी होतं. आणि बाहेरचा अपमान घेऊन कुणी बैठकीला आला तर त्यानं आधी तो सांगून टाकायचा. आज बँकेत असं झालं, आज मुलाच्या शाळेत तसं झालं. सांगताना दोन-तीन जण तरी म्हणतात, अरे मलाही त्याच बँकेत. तेव्हा पाकिटं एकत्र होतात आणि दिसायला लागतं. त्यातून दोन तक्रारी खरोखर वरपर्यंत गेल्या. बायका हे आमच्यापेक्षा आधीपासून नदीवर, नळावर करत आल्या आहेत. आम्ही त्याला चहाड्या म्हणायचो.

बायकोला मी त्या बारा लेकरांचं पुढं काय झालं ते विचारलं, पण फार उशिरा, ती सेवेतून सुटल्यावर. म्हणाली, "चार आली. बाकीची मोठी झाली."

आता त्या पोराचं. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एसटी स्टँडवर भेटलं. भेटलं म्हणजे मी ओळखलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्याला टक्कल, हातात खताची पिशवी. मी पुढं जाऊन जयभीम घातला. त्यानं घेतला. मी म्हणालो, "त्या रात्री मी जे बोललो..." पुढचं बोलता आलं नाही. तो म्हणाला, "चालायचंच दादा. बाप गेला २००६ ला." मी विचारलं, "चिठ्ठीत काय होतं?" त्याला जरा आठवावं लागलं. म्हणाला, "शेवटची गाडी साडेनऊची होती. तुमची चुकंल म्हनून लिव्हलं होतं. ड्रायवरला मी थांबवून ठिवलं होतं."

त्या रात्री मी सात मैल चालत आलो होतो, हे तेव्हा आठवलं. सगळी वाट गावाला शिव्या देत आलो होतो की वक्त्याची जायची सोयसुद्धा केली नाही.

'चालायचंच' म्हणजे माफ केलं, की मला टाळलं, ते कळलं नाही. मी फोन नंबर मागितला. त्यानं दिला. गाडी लागली, तो चढला, खिडकीतून हात केला की कुणाला जागा दाखवली तेही नीट दिसलं नाही. नंबर माझ्या खिशातल्या डायरीत आहे. अजून फोन केलेला नाही. त्यानं उचलला नाही तर, असं वाटतं.